दुहेरी पिवळा



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्याविषयी अध्यक्षांनी आत्ताच सविस्तर सांगितलं. त्यात मी भर घालत नाही, सरळ विषयाकडे येतो.

स्मृतिव्याख्यानाला बोलावलेल्या माणसाने संत, साहित्य, शिक्षण किंवा फार तर शेतीवर बोलावं अशी रीत आहे. मी विषय कळवला, 'चौकातला सिग्नल'. संयोजकांनी अगदी नम्रपणे विचारलं, "सर, गोंदियात यावर तासभर बोलता येईल?" त्यांना तेव्हा नुसतं "येईल" म्हणालो. आता कारणं देतो.

पहिलं कारण असं की मुंबई-पुण्यात सिग्नल शेकड्यांनी लागले आहेत. तिथे जे झालं ते झालं, आता दुरुस्ती तेवढी उरली. आपलं शहर २०११ च्या जनगणनेत सव्वा लाखाच्या पुढे होतं, तेव्हापासून वाढतंच आहे. अशा आकाराच्या शहरांना आत्ता कुठे सिग्नलांचा संसार मांडायचा आहे. संसार मांडायच्या आधी चार गोष्टी बोललेल्या बऱ्या, नाही का?

दुसरं कारण जास्त जवळचं. गोंदिया हे रेल्वेचं गाव. कोल्हापूरहून निघालेली महाराष्ट्र एक्स्प्रेस अख्खं राज्य आडवं कापून इथे येऊन विसावते. मुंबईची विदर्भ एक्स्प्रेस इथवरच येते. एक लाइन हावड्याकडे, एक नागपूरकडे, एक बालाघाटवरून जबलपूरला, एक नागभीडवरून बल्लारशाला. समोर बसलेल्या कितीतरी जणांच्या घरात कोणी ना कोणी रेल्वेत असेल. आणि मला आज जे सांगायचं आहे ते रेल्वेच्या माणसाला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. रस्त्यावरच्या माणसाला मात्र ते अजून कोणी सांगितलेलं नाही.

आधी थोडा हिशेब. घाबरू नका, शाळेतलाच आहे. मी आयुष्यभर पदार्थविज्ञान शिकवलं, त्यामुळे ही खोड जात नाही.

चालती गाडी म्हणजे साठवलेली ऊर्जा. इंजिनाने पेट्रोल जाळून ती गाडीत भरलेली असते. ब्रेक दाबला की ती सगळी ब्रेकच्या तबकड्यांमध्ये उष्णता होऊन हवेत जाते. हिरवा लागला की इंजिन पुन्हा पहिल्यापासून ती भरायला लागतं. म्हणजे लाल दिव्यापाशी आपण नुसते थांबत नाही, आधी विकत घेतलेला वेग फेकून देतो आणि दिवा बदलला की तोच पुन्हा विकत घेतो.

किंमत किती? बाराशे किलोची मोटार ताशी ४० किलोमीटरने चालली आहे. तिच्यात साधारण ७४ किलोज्यूल ऊर्जा असते. इंजिन पेट्रोलमधल्या ऊर्जेतला जेमतेम पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोहोचवतं, हे धरलं तर तेवढा वेग परत मिळवायला दहा-बारा मिलीलिटर पेट्रोल लागतं. एवढ्या पेट्रोलमध्ये तीच मोटार सुमारे दोनशे मीटर गेली असती. मोटारसायकलला एका थांब्यामागे दोनेक मिलीलिटर, म्हणजे शंभर मीटरची मजल. आता आपल्या जिल्ह्यातली खरी गाडी घ्या. धान खरेदी केंद्रावरून भरडाईला निघालेला पंचवीस टनांचा ट्रक. ताशी ४० वरून थांबला आणि पुन्हा ४० वर आला की सव्वाशे-दीडशे मिलीलिटर डिझेल गेलं. त्यात तो अर्धा किलोमीटर पुढे गेला असता. तेही एका थांब्यात. गिरणीपर्यंत असे पाच थांबे लागले तर?

लोक म्हणतात, सिग्नलवर इंजिन चालू राहतं म्हणून पेट्रोल जातं. खरं आहे, मोटारीचं इंजिन उभ्या उभ्या तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं. मिनिटाला काढलं तर हेही दहा-बारा मिलीलिटर झालं. म्हणजे एकदा थांबणं आणि मिनिटभर घरघरत उभं राहणं यांचा खर्च सारखाच. दिल्ली सरकारने ऑक्टोबर २०२० मध्ये 'रेड लाइट ऑन, गाडी ऑफ' अशी मोहीम काढली होती, लाल दिव्याला इंजिन बंद करा म्हणून. चांगली मोहीम. आपल्या रेल्वे फाटकांवर तर ती रोज चालवावी, कारण मालगाडी पूर्ण जाईपर्यंत किती मिनिटं जातात हे कोणाला सांगायला नको. पण त्या मोहिमेने खर्चाचा अर्धाच भाग धरला. थांबल्यावरचा खर्च वाचवला, थांबण्याचा खर्च तसाच राहिला. तो वाचवायचा तर गाडी लाल दिव्यापाशी पोहोचूच नये, अशी काहीतरी सोय करावी लागते.

आणि ही सोय रेल्वेत आहे.

मुख्य लाइनवरचे सिग्नल आठवा. हिरवा, म्हणजे वाट मोकळी. लाल, म्हणजे उभं राहा. मध्ये दोन अवस्था आहेत. एक पिवळा म्हणजे पुढचा सिग्नल लाल असू शकतो, थांबायच्या तयारीने चला. दोन पिवळे दिवे एकत्र, ज्याला रेल्वेची माणसं 'डबल यलो' म्हणतात, त्याचा अर्थ पुढचा सिग्नल मर्यादित वेगाने ओलांडायची तयारी ठेवा. लोको पायलट आणि त्याचा सहायक प्रत्येक सिग्नल मोठ्याने एकमेकांना सांगतात. आणि पिवळा सिग्नल उभ्या ठिकाणाबद्दल बोलतच नाही, पुढच्या सिग्नलबद्दल बोलतो. हजारो टनांची गाडी दिसल्यावर थांबवता येत नाही, म्हणून तिला आधी सांगावं लागतं.

आधी सांगितल्याने फक्त सुरक्षितता मिळते असं नाही. दुहेरी पिवळा दिसला की कुशल चालक ओढ काढून घेतो आणि गाडीला आपल्याच वेगावर वाहू देतो. याला रेल्वेत 'कोस्टिंग' म्हणतात, ते शिकवलं जातं. गाडी पुढच्या सिग्नलपाशी हळूहळू पोहोचते, तोवर तो हिरवा झालेला असतो, आणि गाडी न थांबता निघून जाते. चार हजार टनांची मालगाडी ताशी ६० वरून पूर्ण थांबवली तर दीडशे युनिटांवर ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. मध्यमवर्गीय घराचं महिन्याचं वीजबिल साधारण तेवढ्याच युनिटांचं असतं. नवी विद्युत इंजिनं ब्रेक लावताना यातली काही वीज वरच्या तारेला परत देतात. तरीही सर्वांत स्वस्त थांबा म्हणजे टळलेला थांबा, हे नागपूर विभागातला कोणताही जुना ड्रायव्हर तुम्हाला सांगेल. आउटरला उभ्या गाडीतले प्रवासी स्टेशन मास्तरला शिव्या घालतात. इंजिनातला माणूस मनातल्या मनात डिझेल किंवा वीज मोजत असतो.

आता एक गमतीची गोष्ट. रस्त्यावरचा पहिला सिग्नल कोणी बसवला? रेल्वेच्याच माणसाने. लंडनमध्ये पार्लमेंटच्या बाहेर, डिसेंबर १८६८ मध्ये, जॉन पीक नाइट नावाच्या रेल्वे अधिकाऱ्याच्या कल्पनेतून. दिवसा रेल्वेसारखे हात वर-खाली होत आणि रात्री गॅसचे लाल-हिरवे दिवे लागत. त्या काळी रेल्वेत हिरव्याचा अर्थ होता 'जपून या'. लंडनच्या त्या खांबावरही हिरव्याचा अर्थ तोच होता. म्हणजे रस्त्यावरच्या पहिल्या हिरव्या दिव्याने वेगाचाच सल्ला दिला होता! पुढे काय झालं? महिनाभरातच गॅसचा स्फोट झाला, दिवा चालवणारा पोलिस जखमी झाला, आणि रस्त्यावरचा सिग्नल हा प्रकार जवळजवळ अर्धं शतक मागे पडला.

तो परत आला अमेरिकेत, १९१४ साली, क्लीव्हलँडला. विजेचा लाल आणि हिरवा. १९२० मध्ये डेट्रॉइटचा पोलिस अधिकारी विल्यम पॉट्स याने रेल्वेवरूनच उचलून पिवळा दिवा मध्ये आणला. पण आणताना त्याचा अर्थ बदलला. रेल्वेचा पिवळा पुढच्या लालबद्दल बोलतो, रस्त्याचा पिवळा याच खांबावरच्या लालबद्दल बोलतो, तोही तीन-चार सेकंद आधी. तीन-चार सेकंदांत चालकाच्या हाती दोनच गोष्टी असतात. करकचून ब्रेक मारा, नाहीतर ॲक्सिलरेटर दाबून निसटा. आपण बहुतेक काय करतो, ते या सभागृहात विचारत नाही. पुढच्या रांगेत वाहतूक शाखेची मंडळी बसली आहेत.

तर रस्त्याने रेल्वेकडून लाल घेतला, हिरवा घेतला, पिवळा घेतला. एक मात्र घेतलं नाही, आधी सांगणं. माझं आजचं सगळं म्हणणं एवढंच आहे.

आधी सांगायचं कसं? याला शंभर वर्षांत दोन उत्तरं मिळाली.

पहिलं उत्तर म्हणजे सिग्नलांनी आपसात बोलायचं. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीने १९१७ मध्येच सहा चौकांचे सिग्नल एकत्र जोडून एका जागेवरून चालवले. पुढे यातून जी पद्धत आली तिला इंग्रजीत आणि जर्मनमध्येही 'हिरवी लाट' असं नाव पडलं. पहिल्या चौकातून सुटलेला गाड्यांचा घोळका दुसऱ्या चौकात पोहोचायला आणि तिथला दिवा हिरवा व्हायला एक गाठ पडते. इथल्या शेतकऱ्याला हे समजावून सांगायची गरज नाही. मालगुजारी तलावाचं पाणी पाटाला सोडलं की ते खालच्या बांधीत केव्हा पोहोचेल हे त्याला ठाऊक असतं, आणि तो त्या वेळेलाच बांध फोडायला जातो, आधी जाऊन बसत नाही.

आकडे घेऊ. ताशी ३० किलोमीटर म्हणजे मिनिटाला बरोबर पाचशे मीटर. समजा दोन चौकांत पाचशे मीटरचं अंतर आहे, आणि पहिला सिग्नल हिरवा झाल्यावर एका मिनिटाने दुसरा हिरवा होतो. जो ताशी ३० ने निघाला तो थेट हिरव्यात शिरला, ब्रेकला पाय लावला नाही. जो ताशी ६० ने सुसाट गेला तो अर्ध्या मिनिटात पोहोचला आणि उरलेलं अर्धं मिनिट लाल दिव्याखाली उभा राहिला. मागून ३० वाला रमतगमत आला, न थांबता पुढे गेला. ६० वाला अजून गिअर टाकतो आहे! दोघेही तिसऱ्या चौकात एकत्रच पोहोचणार. फक्त वेग दुप्पट केला की साठवायची ऊर्जा चौपट होते, म्हणून ६० वाल्याने एका थांब्यात जे फेकलं ते ३० वाल्याच्या थांब्याच्या चौपट होतं. म्हणजे घाई करून मिळालं काय? लाल दिव्याखाली पहिला नंबर.

तरुण मित्रांनो, ही गोष्ट तुमच्यासाठी मुद्दाम सांगतो आहे. नीट जुळवलेल्या रस्त्यावर वेगाला काहीही भाव मिळत नाही. पोलिसाच्या शिट्टीने जे होत नाही ते अशा रस्त्यावर दोन-तीन दिवसांत आपोआप होतं, कारण प्रत्येकाला आपापल्या डोळ्यांनी दिसतं की पळून उपयोग नाही.

पण यात एक मेख आहे, आणि ती लपवणं बरोबर नाही. रस्ता दोन्ही बाजूंनी वाहतो. जाणाऱ्यांसाठी जुळवलेली लाट येणाऱ्यांच्या तोंडावर आपटू शकते. दोन्हीकडून जुळायला चौकांतलं अंतर, वेग आणि सिग्नलचं पूर्ण चक्र यांचा मेळ बसावा लागतो. पाचशे मीटर आणि ताशी ३० असेल तर चक्र दोन मिनिटांचं लागतं. पहिला शून्यावर हिरवा, दुसरा साठाव्या सेकंदाला, पहिला पुन्हा एकशेविसाव्याला, आणि मग दोन्ही बाजूंच्या गाड्या बिनबोभाट जातात. पण दोन मिनिटांचं चक्र म्हणजे पायी माणसाला जवळपास दोन मिनिटं ताटकळावं लागेल. तो थांबेल? नाही थांबणार, मधूनच घुसणार, आणि त्याचं चुकलं असंही मी म्हणणार नाही. चौक अडीचशे मीटरवर असतील तर मिनिटाचं चक्र पुरतं, पायी माणसालाही चालतं. आपल्या गावांचे चौक कोणी मोजूनमापून ठेवलेले नाहीत. तिथे दोन्हीकडची लाट बसत नसेल तर सकाळी गावात येणाऱ्यांची जुळवावी आणि संध्याकाळी बाहेर जाणाऱ्यांची. हे तर घड्याळावर लावता येतं.

आणखी एक. रस्ता तुडुंब भरला की लाट मरते. पुढच्या चौकात आडव्या रस्त्याने आलेल्या गाड्या आधीच उभ्या असतील, तर मागून ताशी ३० ने आलेल्या शहाण्यालाही त्यांच्या पाठीशी ब्रेक लावावाच लागतो. म्हणून तिथला हिरवा काही सेकंद आधी सोडतात, उभी रांग मोकळी व्हायला. हे सेकंद कागदावर ठरत नाहीत, चौकात उभं राहून मोजावे लागतात.

दुसरं उत्तर जास्त सरळ आहे. चालकालाच सांगून टाका. १९५० च्या दशकात जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फमध्ये फॉन श्टाइन नावाच्या अभियंत्याने दोन सिग्नलांच्या मध्ये रस्त्यावर आकडे उजळणाऱ्या पाट्या लावल्या. ज्या वेगाने गेलात तर पुढचा दिवा हिरवा मिळेल तो आकडा पाटीवर दिसायचा. पुढे अमेरिकेत जनरल मोटर्सने 'ट्रॅफिक पेसर' नावाने असाच प्रयोग केला. माझ्या मते रस्त्यावरचा दुहेरी पिवळा तोच. तो दिवा म्हणाला नाही की थांब, तो म्हणाला एवढ्याने चाल. कोपनहेगनने नोरेब्रोगाडे या रस्त्यावर सायकलस्वारांसाठी ताशी २० किलोमीटरची लाट लावली. त्यांचं इंधन पोटातलं असतं, त्याचाही कोणी विचार केला! अलीकडे मोटारी सिग्नलच्या यंत्रणेशी बोलू लागल्या. २०१६ मध्ये लास वेगसला ऑडी कंपनीने गाडीच्या काचेसमोर सिग्नल हिरवा व्हायला किती सेकंद उरले ते दाखवायला सुरुवात केली. गुगलचा 'ग्रीन लाइट' नावाचा उपक्रम लोकांच्या फोनवरच्या हालचालींवरून सिग्नलच्या वेळा सुचवतो. बंगळूर, कोलकाता आणि हैदराबाद ही शहरं त्यात आहेत.

आपल्या राज्यात काय आहे? मुंबईत 'एरिया ट्रॅफिक कंट्रोल' नावाने, जागतिक बँकेच्या कर्जातल्या नागरी परिवहन प्रकल्पातून, दोनशेच्या वर सिग्नल एका केंद्राला जोडले गेले. पुण्यात स्मार्ट सिटीच्या पैशातून शंभरावर चौकांत गर्दी बघून वेळ बदलणारे सिग्नल बसले. ही यंत्रणा महाग आहे आणि मोठ्या शहराला ती लागतेही. पण तिची एक अडचण कोणी बोलत नाही. जो सिग्नल दर फेरीला आपली वेळ बदलतो तो चालकाला आधी शब्द देऊ शकत नाही. 'ताशी ३० ने या, हिरवा मिळेल' असं तो लिहू शकत नाही, कारण त्यालाच माहीत नसतं. म्हणून गोंदिया, भंडारा, गडचिरोली अशा शहरांसाठी मी उलटं सांगतो. कॅमेरे आणि संगणक मागू नका. ठरलेल्या वेळेचा, पण आपसात जुळवलेला सिग्नल मागा. सकाळचं एक वेळापत्रक, दुपारचं एक, संध्याकाळचं एक. रेल्वेच्या गावाला वेळापत्रकाची लाज कशाला वाटावी?

सिग्नलवरच्या उलट्या आकड्यांबद्दल एक शब्द. लाल दिव्यासोबतचे आकडे उत्तम. ४५ दिसले की इंजिन बंद करता येतं. आजच्या इंधन-इंजेक्शनच्या गाडीला दहा सेकंदांहून जास्त थांबायचं असेल तर बंद करून पुन्हा चालू करणं स्वस्तच पडतं. हिरव्यासोबतचे आकडे मात्र मला पटत नाहीत. ५, ४, ३ दिसलं की मागचा माणूस पळायला लागतो. तो आकडा शेवटच्या क्षणी दिसतो, म्हणून शेवटच्या क्षणाचाच निर्णय घ्यायला लावतो. तोच आकडा चौकाच्या तीनशे मीटर आधी लावा, मग बघा त्याचं काम कसं बदलतं.

आता तुमच्या मनातला प्रश्न. "सर, हे सगळं जर्मनीत ठीक आहे. जयस्तंभ चौकात एकाच वेळी सायकल, ई-रिक्षा, ट्रॅक्टरची ट्रॉली, बालाघाटची बस, धानाचा ट्रक आणि शाळेची मुलं असतात. इथे कोणाच्या वेगाने लाट चालवायची?"

प्रश्न बिनतोड आहे. ई-रिक्षाला नियमानेच ताशी २५ च्या वर जाता येत नाही. तिला पाचशे मीटरला ७२ सेकंद लागतात. लाट ताशी ४० ने लावली तर ई-रिक्षा मागे पडते आणि तिच्या मागे सगळे. म्हणून माझं उत्तर असं. लाट ताशी ३० ने लावायची आणि हिरवा रुंद ठेवायचा, निदान चाळीस सेकंद. मग पुढचा हिरवा साठाव्या सेकंदाला लागला तरी ७२ व्या सेकंदाला येणारी ई-रिक्षा त्यात सहज मावते. ट्रॉली मावते. सायकलवाला मात्र मावत नाही, त्याला दोन मिनिटं लागतात, तो लालमध्येच येतो. त्याच्याशी खोटं बोलणार नाही, त्याला या गणितात काही मिळत नाही. त्याला मिळतो तो शांत रस्ता, ज्यावर शेजारून कोणी ६० ने जात नाही. आणि हे थोडं नाही. ताशी ३० ने लागलेला धक्का आणि ताशी ६० ने लागलेला धक्का यात किती फरक असतो हे हॉस्पिटलवाल्यांना विचारा. पेट्रोल वाचवायला निघालो आणि हाडं वाचली, तर तक्रार कोण करेल?

कोणी म्हणेल, विजेवरच्या गाड्या येताहेत, मग हा खटाटोप कशाला? विजेच्या गाडीचा थांबा स्वस्त आहे, ब्रेकमधली काही ऊर्जा बॅटरीला परत मिळते. पण सगळी मिळत नाही. आणि पंचवीस टनांचा धानाचा ट्रक अजून बरीच वर्षं डिझेलवरच चालणार आहे. देवरी, कोहमारा या बाजूने राष्ट्रीय महामार्ग ५३ जातो. तिथे ट्रक ताशी ६० ने येतो आणि त्याचा एक थांबा पाव लिटरहून जास्त डिझेल खातो. तिथे सिग्नल मागताना शंभर वेळा विचार करा. जिथे उड्डाणपूल किंवा भुयारी वाट शक्य आहे तिथे सिग्नल नको. जिथे गोल चौक पुरतो तिथेही नको. आणि जिथे आहे तिथे रात्री अकरानंतर तो लुकलुकता पिवळा करा. मध्यरात्री रिकाम्या चौकात लाल दिव्यासमोर उभा राहिलेला प्रामाणिक माणूस पाहिला की मला त्याची दया येते, आणि सिग्नलचा राग येतो.

या सगळ्यात सर्वांत नाजूक वस्तू आहे विश्वास. रेल्वेत दुहेरी पिवळा कधी खोटं बोलत नाही, म्हणून चालक त्यावर हजारो टन सोडतो. रस्त्यावर पाटी लावली, 'ताशी ३० ने चला, पुढचा सिग्नल हिरवा मिळेल', आणि चालक ३० ने गेला आणि लाल मिळाला. दोनदा असं झालं की संपलं. तिसऱ्यांदा ती पाटी कोणी वाचणार नाही. म्हणून पाटी लावायच्या आधी सिग्नलांची घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत आणि जुळलेली राहायला हवीत. वीज गेली, पुन्हा आली, एका सिग्नलचं घड्याळ वीस सेकंद मागे पडलं, की लाट बिघडली. यावर उपाय स्वस्त आहे, जीपीएसवरून वेळ उचलणारा भाग सिग्नलच्या पेटीत बसवता येतो. पण तो निविदेत लिहावा लागतो. निविदेत खांबाची उंची लिहिलेली असते, रंगाचा प्रकार लिहिलेला असतो. दोन सिग्नलांमध्ये किती सेकंदांचं अंतर ठेवायचं, हा रकाना कोणी घालणार आहे का? आणि ऐन वेळी पोलिस हाताने सिग्नल चालवतो, मंत्री येतात, मिरवणूक निघते, तेव्हा लाट मोडायचीच. मोडल्यावर ती परत कोण लावणार, हेही आधीच ठरलेलं असावं.

माझी विनंती साधी आहे आणि ती आजच्या आज सुरू होण्यासारखी आहे. नगरपरिषदेकडे आणि वाहतूक शाखेकडे जाल तेव्हा 'सिग्नल बसवा' एवढंच निवेदन देऊ नका. सलग येणारे तीन चौक निवडा, त्यांच्यातलं अंतर टेप लावून मोजा, आणि त्या तीन सिग्नलांमध्ये किती सेकंदांचा फरक ठेवणार हे लेखी विचारा. उत्तर द्यायला वाहनांची मोजणी लागेल, आणि मोजणीला माणसं नाहीत असं ते म्हणतील. ती मोजणी आपल्या महाविद्यालयांची मुलं करू शकतात. एका चौकाला चार पोरं, सकाळी आठ ते दहा आणि संध्याकाळी पाच ते सात, एक आठवडा. ट्रक वेगळे, दुचाक्या वेगळ्या, ई-रिक्षा वेगळ्या, सायकली वेगळ्या आणि पायी माणसं सगळ्यांत आधी. तक्ते मी तयार करून आणले आहेत. बाहेर दाराशी टेबलावर ठेवले आहेत, बाजूला एक वही आहे. ज्यांना मोजायला यायचं आहे त्यांनी जाताना त्या वहीत आपलं नाव आणि कोणता चौक जवळ पडतो ते लिहून जावं.